शालनचं चाक

कडेगावच्या पेठेत धनाजी मिस्त्रीला कुणी चांगलं म्हणत नसे आणि त्याच्यावाचून कुणाचं चालतही नसे. शिवणाचं मशीन अडलं की आधी त्याला चार शिव्या हासडायच्या आणि मग त्यालाच बोलवायला माणूस धाडायचा, अशी आमच्याकडची रीत होती. एस.टी. स्टँडच्या मागे त्याचं पत्र्याचं दुकान होतं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, फोटोखाली ओळीनं टांगलेले पेचकस, आणि खाली गोणपाटावर मांडी घालून बसलेला, पन्नाशीला टेकलेला काटकुळा धनाजी. कपाळाला कायम आठी. गिऱ्हाईक दारात आलं की ती आणखी खोल जायची.

माझा शिवणक्लास होता. सहा मशिनं आणि वीस-बावीस मुली म्हटल्यावर रोज काहीतरी मोडायचंच. त्यामुळे या माणसाशी मी जेवढी भांडले तेवढी नवऱ्याशीही भांडले नाही. भांडणाचं कारण ठरलेलं असायचं. मी दुकानात जाऊन सांगायची, "मिस्त्री, तीन नंबरचं टाका सोडतंय, सुई उलटी बसलीय का हो?" तर हा वर न बघता म्हणायचा, "येतो. बघतो. तवर कुणी हात लावू नका." अहो, पण हो की नाही एवढं तरी सांगा! नाही. बघितल्याशिवाय तो दोष सांगत नसे. कुणाच्या हाती निरोप पाठवला तर निरोपाला उत्तर देत नसे. चार कोसांवरच्या वाडीला जायचं असलं तरी सायकलच्या कॅरिअरला लाकडी पेटी बांधून स्वतः जायचा, आणि गेल्यावर कळायचं की नुसता दोरा ओवायला चुकलेला होता.

घरात शिरला की पहिल्यांदा मशीनच्या हातचाकावर तळवा ठेवून उभा राहायचा. डॉक्टर नाडी बघतो तसा. फिरवायचा नाही, नुसता ठेवायचा. मग म्हणायचा, "तेल कंचं घालताय? बाटली आणा." बाटली आणली की बूच काढून वास घ्यायचा. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. चाक घट्ट झालेलं असलं तर त्याचा क्रम ठरलेला होता, आणि तो मी माझ्या मुलींना वहीत लिहून दिला होता. आधी चामड्याचा पट्टा काढायचा. पट्टा काढल्यावर चाक सुटं फिरलं तर दोष खाली पायट्यात, नाही फिरलं तर वर डोक्यात. मग सुई काढायची, मग बॉबिनची डबी. मग शटलच्या घरात दोऱ्याचा गुंता बसलाय का बघायचं, कारण दहातल्या आठ वेळा तिथंच असतो. तिथंही नसला तर तेलाची भोकं. आणि या सगळ्यात एक गोष्ट करायची नाही, ती म्हणजे जोर लावायचा नाही.

"जोर लावू नका" हे वाक्य तो दिवसातून वीस वेळा म्हणत असेल. एकदा माझ्या एका मुलीनं अडलेलं चाक दोन्ही हातांनी ओढायला घेतलं, तर यानं पेचकसाची मूठ तिच्या मनगटावर हाणली. मी त्याला क्लासबाहेर काढला. म्हटलं, "लोखंडाचं मशीन आहे ते, तुमची बाळंतीण लेक नाही!" तो पेटी उचलून गेला आणि आठ दिवस फिरकला नाही. मला तेव्हा वाटलं, जिरली. माणसाला जिरलेलं आणि लागलेलं यातला फरक ओळखता येत नाही तो असा.

देवधर्म, भूतखेत यातलं तो काही मानत नसे. न मानणं त्याच्या अंगात इतकं भिनलेलं, की त्याची गंमत व्हायची. एका घरात मशीन सारखं दोरा तोडतं म्हणून त्याला लिंबू-मिरच्या बांधल्या होत्या. यानं दोष काढला, सुईच्या पट्टीला ओरखडा होता, तो घासला. मग लिंबू सोडून घेतलं, त्याच बाईकडून साखर मागून सरबत केलं आणि तिच्यासमोर पिऊन उठला. मिरच्या खिशात घालून घरी नेल्या.

अशा माणसानं एका घरात पाय ठेवायला नकार दिला, म्हणून ही गोष्ट मी सांगतेय.

शहाण्णव सालच्या पावसाळ्यात माझ्याकडे रेश्मा नावाची एक नवी मुलगी आली. मुलगी कसली, बाईच. बावीस वर्षांची, पाटणकडची, कोयनेच्या अंगानं बोलणारी. शाळगावच्या वाटेला मळ्यात दिलेली. नवरा आकाराम फौजेत. त्यानं जम्मूहून पत्र लिहून कळवलं होतं, की बायकोला शिवणक्लासला घाला. तिला कापड कापता येत होतं, माप घेता येत होतं, काजं तर माझ्याहून सुबक करायची. पण मशीनवर बसली की घोटाळा. पहिला टाका घ्यायच्या आधी उजव्या हातानं चाकाला आपल्याकडे एक फिरकी द्यायची असते, हे शेंबडं पोरही जाणतं. रेश्मा चाकाला हात लावत नसे. नुसतं पायानं दाबायची. मग मशीन कधी सुलटं फिरायचं, कधी उलटं, आणि उलटं फिरलं की खाली दोऱ्याचा गुंता.

दोन दिवस मी गोड बोलून सांगितलं. तिसऱ्या दिवशी माझा पारा चढला. तिचं मनगट धरलं आणि हात चाकावर ठेवला. तिचा हात बर्फासारखा पडला होता. ती रडायला लागली आणि सगळ्या मुली मशिनं थांबवून बघायला लागल्या.

मी तिला आत नेलं, चहा दिला. तेव्हा तिनं सांगितलं. ती आकारामची दुसरी बायको. पहिली शालन, तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी पोटातल्या बाळासकट गेली. घरात जे मशीन होतं ते शालनचं. तिनं माहेरून आणलेलं, आणि सगळ्या मळ्याच्या खणचोळ्या ती त्यावर शिवायची. ती गेल्यापासून मशीनचं चाक हलत नाही.

"धरून बसलीय ती," रेश्मा म्हणाली. "मी लगीन होऊन आले, दुसऱ्याच दिवशी मिशनीवर बसले. चाक हालंना. पायानं दाबलं तर पट्टा तुटून पिंढरीवर बसला, आठ दिस ताप आला. आत्ती म्हणाल्या, ती बसू देत न्हाई तुला. दुपारचं घरात कुणी नसतंय तवा मिशीन खट् करतंय ताई. मी ऐकलंय. आन् आत्ती तिच्याजवळ बसून बोलत्यात. आज काय भाजी केली, म्हशीनं किती दूध दिलं, समदं सांगत्यात."

तिनं पदराआडून गळ्यातला काळा दोरा बाहेर काढला. त्यात चांदीचा नखाएवढा टाक होता, त्यावर बाईचा आकार उठवलेला. पहिली बायको मेलेली असली की तिचा टाक करून दुसरीच्या गळ्यात घालतात, म्हणजे मेलेली तिला छळत नाही. "ह्यो बी घातला," रेश्मा म्हणाली. "तरी चाक सुटंना."

खरी गोष्ट पुढंच होती. तिच्या आत्तीनं, म्हणजे सासू बनुबाईनं, गावातल्या शहाण्यासुरत्यांना विचारून ठरवलं होतं, की शालनला ही मुलगी मान्य नाही. पितरपंधरवडा तोंडावर आला होता. सर्वपित्री अमावास्येपर्यंत चाक सुटलं तर ठीक, नाहीतर घट बसायच्या आत रेश्माला पाटणला पोचवायचं. आकारामला तसं पत्र गेलेलं होतं, आणि त्याचं उत्तरही आलं होतं की आई म्हणेल तसं करा. रेश्माला तिकडं वडील नव्हते. भाऊ होता, आणि भावजय होती. तिच्या भावजयीबद्दल मी विचारलं नाही. तिच्या तोंडावरून कळलं.

मी तडक धनाजीच्या दुकानात गेले. म्हटलं, "मिस्त्री, चाक जाम झालंय एक. तीन वर्षं. शाळगावच्या वाटेला, आकाराम फौजी म्हणून आहे, त्यांच्या मळ्यात."

तो एक शटल घासत होता. घासायचं थांबला.

"तितं मी जात न्हाई," म्हणाला.

"का?"

"दुसरा मिस्त्री बगा. विट्यात हाईत."

आता मला राग यायला कारण पुरेसं होतं. मी त्याला सगळी हकीकत सांगितली, मशीन मेलेल्या बाईनं धरलंय इथपर्यंत. तो फोटोकडं बघत राहिला. मी म्हटलं, "सरबत पिणारे तुम्ही! आता भ्यालात होय भुताला?"

"भूत न्हाई मानत मी."

"मग या ना. एका पोरीचा संसार मोडायला निघालाय त्या चाकापायी."

तो परत शटल घासायला लागला. मी आणखी बरंच काही बोलले, ते सगळं इथं लिहिण्याजोगं नाही. घरी आले तरी माझी धुसफूस चालू होती. नवऱ्याला म्हटलं, बघा, नास्तिक म्हणवणारेही कसे आतून पोकळ असतात. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

तीन दिवसांनी सकाळी तो क्लासच्या दारात उभा. दाढी केलेली, धुतलेला शर्ट, सायकलला पेटी. "चला," म्हणाला. "पर तुमी बी या. एकट्यानं न्हाई जायचा मी."

सायकल क्लासमध्येच ठेवून आम्ही एस.टी.नं गेलो. पेटी मांडीवर घेऊन तो खिडकीबाहेर बघत होता. उसाला तुरे यायला अजून अवकाश होता, पण पातं डोक्याच्या वर गेलेलं होतं आणि रस्ता दोन्हीकडून अंगावर येत होता. मी एकदोनदा विषय काढला. तो "हं" म्हणाला.

बनुबाई मला वाटली होती तशी निघाली नाही. मी मनात एक खाष्ट सासू उभी केली होती. ही उंच, सरळ पाठीची, कोरड्या डोळ्यांची म्हातारी. तिनं पाट मांडले, पाणी दिलं, मला कुंकू लावलं. धनाजीकडं बघून म्हणाली, "लय वाळला की वो मिस्त्री तुमी." म्हणजे ती त्याला ओळखत होती. मी धनाजीकडं पाहिलं. तो पेटीची कडी उघडत होता आणि ती त्याला उघडत नव्हती.

मशीन माजघराच्या कोपऱ्यात होतं. त्यावर हिरवं लुगडं पांघरलेलं. रेश्मानं ते काढलं आणि लगेच मागं सरली. खाली काळ्या मशीनचा काळा रंग कुठं दिसतच नव्हता. चाकापासून सुईच्या दांड्यापर्यंत हळद-कुंकवाचा थर, बोटभर जाड, त्यावर तेलाचे ओघळ सुकलेले. पुढं विझलेली पणती. सवाष्ण गेलेली म्हणून हळद-कुंकू. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. मशीनकडं बघतोय असं वाटतच नव्हतं. कुणीतरी कोपऱ्यात तोंड फिरवून बसलंय, असं वाटत होतं.

धनाजीनं चाकावर तळवा ठेवला. नेहमीपेक्षा बराच वेळ ठेवला.

"तेल कंचं घालता?" त्यानं विचारलं. "बाटली आणा."

बनुबाईनं देवळीतून निळी बाटली आणली. डोक्याला लावायचं खोबरेल.

"दर आवसंला सोडते," ती म्हणाली. "एक डाव चुकवली न्हाई. समद्या भोकांत सोडते, वरनं हळद-कुंकू वाहते. छत्तीस-सदतीस आवसा झाल्या."

मी म्हटलं, "आवं आत्याबाई, खोबरेल घालतात का मशीनला? ते गोठतं, चिकटतं. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"ह्यांनीच की," बनुबाई म्हणाली आणि धनाजीकडं बोट केलं.

मग ती सांगायला लागली, कुणावर काही न ठेवता, पाऊसपाण्याचं सांगावं तसं. त्या साली दिवाळीला आठ दिवस होते. शालनला सातवा सरलेला. घरात शिवायला खणांचा ढीग पडलेला आणि मशीनचं चाक जड यायला लागलं. शालनला एस.टी.चे धक्के नकोत म्हणून बाजारच्या दिवशी बनुबाई स्वतः धनाजीच्या दुकानात गेली. दुकानात माणूस मावत नव्हतं. तिनं बाहेरूनच ओरडून सांगितलं, चाक घट्ट झालंय, या बघायला. धनाजी आतून, मान वर न करता म्हणाला, "दिवाळीपतूर सवड न्हाई. तेल सोडा आन् जोर लावा, सुटंल."

"मग घरी आले, तेल सोडलं," बनुबाई म्हणाली. "शालननं जोर लावला. सुटलं बगा तवा, थोडं सुटलं. चार चोळ्या शिवल्या तिनं. आन् सांजच्या पोटात कळा सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी खेळ आटपला. जीपमधी घालताना माजा हात धरून म्हणाली, आत्ती, मिशनीत तेल सोडत ऱ्हावा. तिचं शेवटलं बोलणं त्ये. मी कसं मोडू?"

मी धनाजीकडं बघायचं टाळलं. सायकलवरून चार कोस जाऊन दोरा ओवून येणारा धनाजी. निरोपाला उत्तर न देणारा, बाटलीचा वास घेणारा. माझ्या मुलीच्या मनगटावर बसलेली पेचकसाची मूठ, आणि मी मारलेला तो बाळंतीण लेकीचा टोमणा. सगळं एकदम माझ्या पुढ्यात आलं.

तो मात्र कामाला लागला होता. आम्ही चौघांनी मशीन उचलून अंगणात उन्हात ठेवलं. त्यानं पट्टा काढला, सुई काढली, बॉबिनची डबी बोटानं सुटेना तेव्हा रॉकेलचा थेंब सोडून वाट बघितली. डोकं मागं उलटं केलं. आतलं तेल राळ झालं होतं, पिवळट लाल, काचेसारखं. भोकाभोकातून त्यानं दाभणानं हळद-कुंकवाच्या वाती ओढून काढल्या. वर्तमानपत्राच्या कागदावर त्यांचा ढीग झाला. रॉकेल सोडायचा, थांबायचा, फडक्यानं टिपायचा, परत सोडायचा. दोन तास त्यानं चाकाला हात लावला नाही. ऊन डोक्यावर आलं. बनुबाई उंबऱ्यात बसून होती आणि तिची नजर त्या कागदावरून हलत नव्हती. रेश्मा खांबाला टेकून उभी होती. तिनं सकाळपासून काही खाल्लं नसावं.

मग त्यानं दोन बोटांनी चाक केसभर पुढं घेतलं, केसभर मागं. पुन्हा रॉकेल. पुन्हा केसभर. असं किती वेळ चाललं कोण जाणे. आणि एकदम चाक फिरलं. पूर्ण एक फेरा. सुईचा दांडा खाली गेला आणि वर आला.

"सोडलं बाई!" बनुबाई उठून उभी राहिली. तिनं हात जोडले. "सोडलं तिनं! रेश्मा, पाया पड. मान्य झालीस गं तू तिला."

रेश्मा तिथंच मटकन बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडली. मलाही भरून आलं. काम झालं होतं. पोरीचं घर वाचलं होतं. भुतानंच परवानगी दिल्यावर आता गावात कुणाची टाप होती तिला हात लावायची? मशीनचं तेल घालून पेटी आवरायची आणि तीनची एस.टी. धरायची, एवढंच उरलं होतं. मी धनाजीला डोळ्यानं खुणावलं, गप राहा.

त्यानं खूण पाहिली. पाहूनही तो बोलला.

"तिनं धरलंच न्हवतं मावशी."

बनुबाईला कळलं नाही. तो कागदाजवळ उकिडवा बसला आणि त्यातली एक वात उचलून तिला दाखवली. "ह्ये खोबरेल हाय. ह्येनं चाक धरलं. जितकं तुमी सोडत गेला, तितकं त्ये घट्ट झालं. बाई कशाला धरंल? तिनं सांगितलं ते मिशनीच्या तेलाचं. तिला वाटलं मी सांगितलंय म्हंजे बराबर आसंल. चूक माजी हाय. मी बगाय आलो न्हाई. कंचं तेल त्ये सांगितलं न्हाई. आन् दिस गेलेल्या बाईला जोर लावाय सांगितला. कोन लावनार हाय, त्ये बी इचारलं न्हाई. दोन म्हैन्यांनी मला कळलं ती गेली. तवापसनं ह्या वाटंला आलो न्हाई मी. परवा ह्या ताईनं सांगितलं, तिच्या नावानं समदा मळा बोटं मोडतोय. तिनं कुणाचं काय केलं न्हाई मावशी. मला काय म्हणायचं त्ये म्हणा."

मला त्याचा भयंकर राग आला. काय गरज होती?

बनुबाई हळूहळू खाली बसली. तिनं ती वात त्याच्या हातातून घेतली, बोटांत चुरली, नाकाशी नेली.

"मंग मी तीन वर्सं कुणाशी बोलत हुते?" ती म्हणाली.

तिनं बोटं पदराला पुसली.

"मला वाटायचं, रागवंना का, पर घरात हाय. चाकावर हात ठिवला की वाटायचं, तिनं पल्याडनं धरलाय."

मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. मी ते बघितलं आणि धनाजीनंही बघितलं असणार, कारण तो अर्धवट उठला.

"तेल मी आणलं देवळीतनं," बनुबाई म्हणाली. "तुमी नुसतं तेल म्हणला. खोबरेल मी आणलं. आन् ती न्हाई म्हणत हुती वो. आत्ती, पोट वढतंय, उद्या बगू म्हणाली. मीच म्हणले, आगं मिस्त्रीनं सांगितलंय, लाव जोर. दोनी हातानं लाव. मी मागनं तिची पाठ धरली हुती."

धनाजी म्हणाला, "मावशी, तसं नसतंय. डागदरनी काय सांगितलं हुतं?"

"डागदरला ठावं हुतं का चाकाचं? कुणी सांगितलं त्येला?"

खरंच कुणी सांगितलं नव्हतं. चाक ओढल्यानं ती गेली की जाणारच होती, हे त्या दिवशी कुणाला कळलं नाही आणि आजही कळायचं नाही. मी हे म्हटलं. चांगल्या शब्दांत म्हटलं. पण ज्यांना ते सांगायचं होतं त्या दोघांनाही ते ऐकू गेलं नाही.

बनुबाई उठली. रेश्माजवळ गेली. तिच्या गळ्यातला काळा दोरा तिनं मानेमागून सोडला, टाक तळहातावर घेऊन क्षणभर बघितला आणि तो दोरा स्वतःच्या गळ्यात बांधला. मागची गाठ तिला जमेना, म्हणून रेश्मानंच मारून दिली.

"तू कुटं जायची न्हाईस," ती रेश्माला म्हणाली. "आकारामला पत्र घाल. मिशीन तुजं."

एस.टी.त मी धनाजीला फाडफाड बोलले. म्हटलं, तुम्हाला मोकळं व्हायचं होतं म्हणून तुम्ही त्या म्हातारीच्या गळ्यात धोंडा बांधलात. कमीत कमी तिला एक भूत होतं, तेही काढून घेतलंत. तो सगळं ऐकत होता. कडेगावच्या अलीकडं म्हणाला, "आन् शालनचं काय? तिला हडळ म्हणून ऱ्हाऊ द्यायचं?" तो बरोबर होता आणि मीही बरोबर होते, आणि त्याचा कुणालाच काही उपयोग नव्हता.

रेश्मानं त्या दिवाळीला मळ्यातल्या अर्ध्या बायकांच्या चोळ्या शिवल्या. क्लासला येऊन मला पेढा दिला. चाकाला ती आता सफाईनं हात घालायची. एक गोष्ट मात्र तिनं हळूच सांगितली, की मशीन सुरू झालं की आत्ती घरात थांबत नाहीत. वैरण असो नसो, गोठ्यात जाऊन बसतात. आवाज बंद झाला की येतात. त्यांच्याशी काही बोलावं तर "हं, हं" करतात.

धनाजी बाहेरून काही बदलला नाही. तेवढाच तुसडा राहिला. फक्त महिन्यातून एक दिवस त्याचं दुकान बंद असायला लागलं. कधी सोमवारी, कधी गुरुवारी, मला मेळ लागेना. एकदा माझं पाच नंबरचं मशीन अडलं आणि दुकानाला कुलूप. शेजारच्या चहावाल्यानं सांगितलं, शाळगावला गेलेत, दर आवसंला जातात.

दुसऱ्या दिवशी मी त्याला धरलाच. म्हटलं, "अहो, रेश्मा परवाच सांगत होती, मशीन लोण्यासारखं चालतंय. त्याला दर महिन्याला काय बघायचं असतं? आणि तुम्ही, अमावास्या पाळणारे कधीपासून झालात?"

त्यानं हातातला पेचकस खाली ठेवला. कपाळाची आठी तेवढी एकदा गेलेली मी पाहिली.

"मिशीन बगाय न्हाई जात," तो म्हणाला. "म्हातारी त्या दिशी गोठ्यात बसून आसती. मी बी जाऊन बसतो. ती सांगती, पाठ कशी धरली हुती. मी सांगतो, मान वर केली न्हाई. दर डाव त्येच. मग च्या पितो आन् येतो."

"पण कशासाठी?"

"आमी दोगंच हाय की वो ताई," धनाजी म्हणाला. "ह्ये दुसऱ्या कुणाजवळ बोलायचं?"